परक्याचे घर हलवताना

श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, त्यांत भाडीकर्म हे एक आहे. गाड्या, बैल, उंट भाड्याने लावून, दुसऱ्याचा बोजा वाहून त्यावर उपजीविका करणे, असा त्याचा सरळ अर्थ. प्रतिक्रमणात हे नाव आपण सारेच उच्चारतो आणि पुढे जातो. मला ते सहजी ओलांडता आले नाही, कारण गेली सत्तावीस वर्षे मी पुण्यात घरसामान हलवण्याचा व्यवसाय करीत आहे. मार्केट यार्डातील वडिलांच्या धान्याच्या गाळ्यातून बाहेर पडून मी हा धंदा धरला, तेव्हा आमच्या मोठ्या काकांनी भांडवल किती, नफा किती, असे काहीच विचारले नाही. "कर्मादानात पाऊल टाकतो आहेस, एवढे ध्यानात असू दे," इतकेच ते म्हणाले.

त्यांच्या या वाक्याचा खरा अर्थ मला फार पुढे कळला. त्याविषयी नंतर लिहीनच. आधी, गाळ्यावरच्या आणि या धंद्यातल्या विश्वासात केवढे अंतर आहे, ते सांगितले पाहिजे.

धान्याच्या पेढीवर विश्वास साठत जातो. गिऱ्हाईक महिन्याला येते, वानगी हातावर घेऊन पाहते, दाणा दाताखाली धरते. एखादे पोते खराब निघाले तर पुढच्या खेपेस भरपाई होते. आपल्या पूर्वजांची हुंडी दूरच्या गावी वटत असे, अंगडियाच्या हाती आजही चिठ्ठीच्या आधाराने मौल्यवान माल दिला जातो, त्यामागे पिढ्यान् पिढ्यांच्या शेकडो व्यवहारांची पुण्याई असते. घर हलवणाऱ्या कुटुंबापाशी अशी कोणतीही पुंजी नसते. माणूस आयुष्यात तीन-चार वेळा घर बदलतो. दर काय असावा हे त्याला ठाऊक नसते, कामाची वानगी पाहता येत नाही, आणि तरीही ज्यांना त्याने कधी पाहिलेले नाही अशा सहा माणसांना तो एका सकाळी घरात घेतो व कपाटांची दारे उघडी करून देतो. त्याचे अंथरूण, औषधे, पत्रे, देव, सगळे परक्या हातांतून जाते. संध्याकाळी ते सामान गाडीत चढते आणि गाडी त्याच्या दृष्टीआड होते.

त्याहून मोठी गोष्ट अशी की हे गिऱ्हाईक बहुधा पुन्हा भेटत नाही. ते बंगळूरला, इंदूरला, नागपूरला निघून गेलेले असते. सचोटीने धंदा केला तर गिऱ्हाईक परत येते, म्हणून सचोटी फायद्याची, असे आपण व्यापारी कुटुंबांत मुलांना शिकवतो. जिथे गिऱ्हाईक परत येणारच नाही, तिथे हे शिकवणे लंगडे पडते. कोणी म्हणेल, तोंडी शिफारस तर होते ना? होते, पण फसवला गेलेला माणूस दूर गावी नव्या घराच्या विवंचनेत असतो, त्याची तक्रार पुण्यातल्या पुढच्या गिऱ्हाईकापर्यंत क्वचितच पोचते. या धंद्यात लबाडीला शिक्षा फार थोडी आहे. अशा ठिकाणी सचोटी फायद्याच्या आधारावर उभी राहू शकत नाही. ती व्रताच्या आधारावर राहिली तर राहील, असे माझे मत झाले आहे.

मग ज्याच्याशी एकदाच गाठ पडायची आहे, त्याचा विश्वास कसा मिळवायचा? माझ्या अनुभवात तो पहिल्या अर्ध्या तासात, सामान पाहायला घरी जातो तेव्हाच, मिळतो किंवा गमावला जातो. फोनवर मी दर सांगत नाही. "फारसे काही नाही हो, छोटा हत्ती पुरे," असे सांगणाऱ्या घरी गेल्यावर माळा उघडतो आणि तांब्याचा बंब, गणपतीचे मखर, मुलांचा पाळणा, नातेवाइकांनी ठेवायला दिलेल्या दोन ट्रंका असा दुसरा संसार खाली उतरतो. पलंगाखालचे कप्पे, बाल्कनीतल्या कुंड्या, गच्चीवरची शिडी, हे सगळे पाहून घनफुटांचा अंदाज बांधायचा, १४ फुटी गाडी लागेल की १७ फुटी ते ठरवायचे, जिना किती अरुंद आहे, सोसायटी लिफ्ट वापरू देते की नाही, हे विचारायचे आणि मग लेखी आकडा द्यायचा. स्वतंत्र गाडी जाणार की दोन-तीन कुटुंबांचे सामान एकाच गाडीतून जाणार, हेही तेव्हाच सांगायचे, कारण वाटणीच्या गाडीत भाडे कमी पडते पण सामान पोचायला दिवस जास्त लागतात.

या अर्ध्या तासात आणखी एक गोष्ट मी करतो. जे नेणे परवडणार नाही ते नेऊ नका, असे स्पष्ट सांगतो. पुण्याहून बंगळूर सुमारे ८४० किलोमीटर आहे. पोकळ झालेला प्लायचा पलंग तिथवर नेण्यात त्याच्या किमतीहून जास्त भाडे जाते. उलट आजीचा सागवानी पाट छोटासा असतो आणि तो टाकून गेल्याची रुखरुख जन्मभर राहते. पलंग इथेच द्या, पाट न्या, असे सांगितले की माझे भाडे कमी होते. पण त्यानंतर समोरची वहिनी किंवा काका माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागतात, हे मी शेकडो घरांत पाहिले आहे.

अर्ध्या किमतीत सामान नेतो म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांचे गणित वाचकांनी समजून घ्यावे. डिझेल, पथकर, चालकाची मजुरी आणि हमाली ही सर्वांना जवळपास सारखीच पडते. जो निम्मा आकडा सांगतो तो ती तूट कोठून तरी भरून काढणारच. सामान गाडीत चढले की त्याची भाषा बदलते: सामान जास्त निघाले, काट्यावर वजन जास्त भरले, मजला वरचा होता. गाडी हमरस्त्यावर कोठेतरी उभी राहते आणि उरलेली रक्कम मिळाल्याखेरीज हलत नाही. एकदा रात्री साडेदहाला एका परिचिताच्या जावयाचा मला फोन आला होता. नव्या गावात तान्हे मूल घेऊन ते रिकाम्या घरात बसले होते, मुलाच्या दुधाच्या बाटल्यासुद्धा त्या अडवलेल्या गाडीत होत्या. पोलीस ठाण्यात जा, लेखी ठरलेला आकडा दाखवा, असे मी त्यांना सांगितले. लेखी काहीच नव्हते. तिसऱ्या दिवशी जास्तीचे पैसे भरून त्यांनी सामान सोडवले.

अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार असे दोन सांगितले आहेत. आपल्याकडे तराजू नाही, म्हणून पहिला आपल्याला लागू नाही, असे वाहतूकदार समजतो. पण तराजू नसला तरी मापात पाप करता येते. घनफूट वाढवून सांगणे हे त्याचेच रूप. दुसऱ्याचे रूप तर उघड दिसते. एखाद्या नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून पाटी लावायची, किंवा पत्रकावर 'आयबीए मान्यताप्राप्त' असे छापायचे. इंडियन बँक्स असोसिएशन ही संस्था वाहतूकदारांची शिफारसयादी ठेवते. यादीत नाव आहे का, हे विचारून पडताळता येते. ते पडताळण्याची तसदी फार थोडे घेतात आणि छापणाऱ्याला हे ठाऊक असते.

कायदा गिऱ्हाईकाच्या बाजूने अगदीच मुका नाही. १८६५ चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आला व २०११ मध्ये तो अमलात आला. त्यानुसार मालवाहतूकदाराला नोंदणी करावी लागते, आणि नुकसान झाल्यास सामान नोंदवल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. ती मुदत गेली की दाव्याचा मार्ग बंद होतो. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' असे छापले आहे का, ते सही करण्यापूर्वी पाहावे. विम्याच्या नावाखाली भाड्यावर काही टक्के घेतले जातात आणि पॉलिसी काढलीच जात नाही, ही या धंद्यातली फार जुनी खोड आहे. विमा कंपनीचा कागद आपल्या नावाने हातात आल्याशिवाय ती रक्कम देऊ नये. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, तेव्हा त्या नावाने कोणी काही मागितले तर कारण विचारावे. हे सारे मी माझ्या गिऱ्हाईकांना पहिल्याच भेटीत सांगतो. आमच्या धंद्यातल्या काही मित्रांना ते आवडत नाही.

आता स्वयंपाकघराविषयी. खोकी, बबल शीट, सुतळी घेऊन माझी माणसे दारात येतात तेव्हा पहिले काम बांधाबांधीचे नसते. घरातल्या गृहिणीला मी सांगतो, "ताई, दहा मिनिटे स्वयंपाकघराचे दार लावून घ्या आणि सगळे डबे एकदा हाताखालून घाला." ही युक्ती मला कोणत्या पुस्तकातून मिळाली नाही. माझ्या आईचे पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात असत आणि ते वडिलांनाही ठाऊक नसे. महाराष्ट्रातल्या किती डब्यांत काय काय आहे, याची पुरुषांना कल्पना नसते. नवरा शेजारी उभा असताना "काही ठेवले असेल तर काढून घ्या" असे म्हटले तर ती बाई काहीच काढणार नाही. म्हणून दार लावून घ्यायचे. दहा मिनिटांनी त्या बाहेर येतात, पदराखाली काहीतरी असते किंवा नसते, आणि माझी माणसे आत जातात. हमालाला दागिना सापडला आणि त्याने तो परत केला, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात व आपण त्याचे कौतुक करतो. कौतुक योग्यच आहे. पण त्या गरीब माणसाला अशा कसोटीला लावायचेच कशाला? त्याच्या हाताशी मोहाची वस्तू येणार नाही, ही काळजी मालकाने घ्यावी. अदत्तादानाचा विचार करताना चोरी करणाऱ्याकडेच आपले लक्ष जाते, चोरीची वाट मोकळी ठेवणाऱ्याकडे जात नाही.

बाकीच्या घराची यादी होते. प्रत्येक खोक्याला क्रमांक, यादीच्या दोन प्रती, आणि त्यात आधीपासूनचे दोषही लिहायचे: कपाटाच्या डाव्या दारावर ओरखडा, टेबलाचा एक पाय सैल. हे काम नाजूक आहे, कारण आपल्या वस्तूतला दोष परक्याने लिहावा हे कोणालाच रुचत नाही. म्हणून बॅटरीच्या उजेडात दोघांनी मिळून पाहायचे आणि लेखणी गिऱ्हाईकाच्या हाती द्यायची. शास्त्रग्रंथ आणि प्रतिमा मात्र आम्ही उचलत नाही, कोणत्याही धर्माच्या घरात नाही. ज्याचे देव त्याने स्वतः न्यावेत. गॅसचे सिलिंडर एजन्सीत जमा करून कागद घ्यावेत, फ्रीज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करावा, या गोष्टी आता बहुतेकांना माहीत असतात.

इथपर्यंत सांगितलेल्या गोष्टींना कष्ट लागतात, पण त्यांची किंमत फारशी मोजावी लागत नाही. किंमत मोजावी लागली ती एका पावतीसाठी. एका कार्यालयातील अधिकाऱ्यांची नागपूरला बदली झाली होती. सामान १४ फुटी गाडीचे होते. त्यांना पावती १९ फुटीची हवी होती. शिवाय मोटार ते स्वतः चालवत नेणार होते, तरी ती आमच्या वाहनातून नेल्याची वेगळी पावती हवी होती. मी नाही म्हटले.

"शेठजी, यात तुमचे काय जाते? पैसे सरकार देणार, कर मी भरणार," ते म्हणाले.

"साहेब, आज मी सरकारला खोटे लिहून दिले, तर उद्या तुमच्या सामानाची यादी मी खरी लिहीन, यावर तुम्ही कशाच्या भरवशावर विसंबायचे?" मी म्हणालो.

ते हसले. माझ्यासमोरच त्यांनी दुसऱ्याला फोन लावला. त्या वर्षी त्या कार्यालयातून नऊ बदल्या झाल्या, त्यांतली एकही माझ्याकडे आली नाही. दुसऱ्या गाडीचे हप्ते तेव्हा चालू होते. हिशेब पाहणारे माझे थोरले बंधू त्या संध्याकाळी म्हणाले, "अरे, तू धंदा चालवतोस की उपाश्रय?" त्यांना मी उत्तर दिले नाही, कारण हप्त्याची तारीख त्यांनाच सांभाळायची होती. ते अधिकारी पुढे पश्चात्ताप होऊन परत आले, असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. ते आले नाहीत. बदल्यांच्या कामात आजही मला खोटी पावती मागणारे भेटतात आणि त्यांतले कित्येक एरवी अतिशय सज्जन असतात. गिऱ्हाईकाला खूश करणे आणि गिऱ्हाईकाचा विश्वास कमावणे यांत फरक आहे, हे मला या नऊ बदल्यांनी शिकवले. फुकट शिकवले असे म्हणता येणार नाही.

आता काकांच्या वाक्याकडे येतो. भाडीकर्म निषिद्ध का मानले, याचा विचार करताना मला अहिंसाणुव्रताचे अतिचार आठवले. त्यांत अतिभारारोपण आहे, अन्नपाननिरोध आहे: शक्तीबाहेर ओझे लादणे आणि खाण्यापिण्यावाचून राबवणे. शास्त्रकारांच्या डोळ्यांसमोर बैल होता. आज गाडी डिझेलवर चालते, तिला थकवा नाही. पण चौथ्या मजल्यावरून फ्रीज उतरवतो तो माणूसच असतो. मी मार्केट यार्डात वाढलो. डॉ. बाबा आढाव यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली राज्यात माथाडी कायदा आला. त्या साऱ्याच्या सावलीत हमालाच्या पाठीवर किती आणि का असावे, हा वाद मी लहानपणापासून ऐकला आहे. घरसामानाच्या धंद्यात मात्र तो वाद फारसा पोचलेला नाही. म्हणून आमच्याकडे काही नियम पहिल्यापासून आहेत. फ्रीज, कपाट, वॉशिंग मशीन एकट्याने पाठीवर घ्यायचे नाही. लिफ्ट बंद असेल तर माणसे वाढवायची, आणि त्याचा दर आधीच लेखी सांगितलेला असतो. एक वाजता काम थांबते, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. मजुरी त्याच रात्री हातात. चहापाण्याचे पैसे मागायचे नाहीत. ते दरातच धरलेले आहेत.

याचा ग्राहकाच्या विश्वासाशी काय संबंध, असे वाटेल. पण गिऱ्हाईक माझ्याशी अर्धा तास बोलते आणि माझ्या माणसांबरोबर दिवसभर राहते. उपाशी, थकलेला आणि रात्री पैसे मिळतील की नाही या चिंतेतला माणूस काचेचे खोके हळू ठेवत नाही. त्याला सुट्टे पैसे मागण्याची पाळी येते आणि त्या क्षणी मी सकाळी सांगितलेला लेखी आकडा खोटा ठरतो. आमचा मुकादम पहिल्या वर्षापासून माझ्याबरोबर आहे, टोळीतले चौघे पंधरा वर्षांहून अधिक काळ. माझ्या पत्रकावर छापण्यासारखे खरे काही असेल तर एवढेच.

एक गोष्ट लिहावी की न लिहावी, असा विचार करत होतो. साधर्मिकांच्या घरी काम असले की कधीकधी माझी पंचाईत होते. मला आत बोलावून बसवतात, वाटीत सुका मेवा ठेवतात, प्रवासाला निघालेल्या महाराजसाहेबांची विचारपूस करतात; आणि माझी माणसे जिन्यात उभी असतात, त्यांच्यासाठी पाण्याची जुनी प्लॅस्टिकची बाटली वेगळी काढलेली असते. सगळ्या घरांत असे नसते, आणि दुसऱ्या समाजांच्या घरांतही असते. मी काही बोलत नाही. उठून जिन्यात जातो आणि त्याच बाटलीतले पाणी पितो. दोन-तीन घरांत त्यानंतर आतून तांब्या-भांडे आले.

अलीकडे धंद्यात माझा मुलगा आला आहे. त्याचे म्हणणे असे की लोक आता माणसावर नव्हे, मोबाइलवरच्या ताऱ्यांवर विश्वास ठेवतात. आपले तारे कमी आहेत, कारण आपण ते विकत घेत नाही. तारे विकत मिळतात, हे मला त्याच्याकडूनच कळले. तो ते घेणार नाही, एवढे त्याने स्वतःहूनच सांगितले. पण सामान पोचल्यावर गिऱ्हाईकाकडे दोन ओळी मागायला काय हरकत आहे, असे त्याचे मत, आणि नव्या घरात खोकी उघडायच्या आत माणसाकडे प्रशस्तिपत्र मागू नये, असे माझे. सध्या आम्ही आठ दिवस थांबून मागतो. आठ दिवसांनी बहुतेक लोक फोन उचलत नाहीत, अशी त्याची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.